ब्लूप्रिंट, दहा टक्के आणि दुसऱ्यांचा कंटाळा

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळात मी आजवर कुणाचंही जहाज पाडलेलं नाही. पाडायची इच्छाही नाही. मी जहाजं बनवते, त्यांवर चढवायच्या तोफा बनवते, तोफांत भरायचा दारूगोळा बनवते, आणि माझा धाकटा भाऊ ते सगळं कुठल्यातरी सिस्टिममध्ये, म्हणजे एखाद्या ताऱ्याच्या परिसरात, नेऊन फोडून येतो. पोटापाण्यासाठीही मी कॉस्टिंगचंच काम करते, त्यामुळे त्याचा एक ठरलेला टोमणा आहे : "ताई, तू खेळतेयस की ऑफिसचं काम घरी आणलंयस?" दोन्ही, असं माझं प्रामाणिक उत्तर आहे. फरक एवढाच की ऑफिसात कच्च्या मालाचा भाव मला कुणीतरी सांगतं, इथे तो मी स्वतः शोधते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आइसलँडच्या सीसीपी गेम्स या कंपनीनं तो मे २००३ मध्ये सुरू केला. बहुतेक ऑनलाइन खेळांत खेळाडूंना वेगवेगळ्या सर्व्हरवर वाटून टाकतात, इथे जवळपास सगळं जग एकाच विश्वात नांदतं. सात हजारांहून जास्त सिस्टिम्स, एकच अर्थव्यवस्था, एकच चलन, इस्क. आणि मला या खेळाला चिकटवून ठेवणारी गोष्ट म्हणजे इथली जवळजवळ सगळी जहाजं खेळाडूंनीच बनवलेली असतात. दुकानातून जादूनं उगवत नाहीत. कुणीतरी दगड फोडलेला असतो, कुणीतरी तो वितळवून खनिज काढलेलं असतं, कुणीतरी ब्लूप्रिंट, म्हणजे वस्तू बनवायचा आराखडा, लावून जॉब, म्हणजे उत्पादनाचं काम, टाकलेला असतो. जहाज फुटलं की ते खरंच संपतं आणि त्याच्या मालकाला नवं लागतं. ते नवं मी विकते.

भाऊ यात आला तो जानेवारी २०१४ मधल्या बी-आर५आरबीच्या लढाईची बातमी वाचून. एका सिस्टिमच्या ताब्याचं बिल भरायचं राहिलं, त्यावरून जुंपली, एकवीस तास चालली आणि ७५ टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यात मोठी जहाजं, खाक झाली. तो स्फोटांचे व्हिडिओ बघत होता. मी मागून बघत म्हटलं, "एक टायटन बांधायला किती वेळ लागतो रे?" त्याला ठाऊक नव्हतं. शोधायला मी बसले, आणि मग उठलेच नाही.

तर, ब्लूप्रिंट. दोन प्रकारची असतात, मूळ आणि प्रत. मूळ ब्लूप्रिंट कधी संपत नाही, त्यावरून हवा तेवढा माल काढा. प्रतीवर ठराविक रन (म्हणजे माल काढायच्या खेपा) असतात, ते संपले की प्रत गेली. साध्या म्हणजे टेक-वन वस्तूंची मूळ ब्लूप्रिंट बाजारात सरळ विकत मिळतात, पण कोरी असतात. कोऱ्या ब्लूप्रिंटवर माल बनवता येतो, फक्त तो महाग पडतो. म्हणून आधी संशोधन करायचं. त्याचेही दोन रस्ते : एमई, म्हणजे कच्चा माल कमी लागणं, आणि टीई, म्हणजे वेळ कमी लागणं. एमईच्या दहा पातळ्या, प्रत्येकीला एक टक्का बचत. टीईच्याही दहा, पण प्रत्येकीला दोन टक्के, म्हणून ती वीसपर्यंत जाते. प्रत काढली की मूळचं संशोधन प्रतीवर उतरतं, प्रतीवर मात्र नवं संशोधन करता येत नाही.

गंमत वेळेच्या हिशोबात आहे. प्रत्येक पुढची पातळी आधीच्या पातळीच्या साधारण २.४ पट वेळ खाते. पहिल्या दोन-तीन पातळ्या चहा होईपर्यंत होतात (छोट्या वस्तूंच्या, अर्थात), आणि शेवटची एकटी पातळी आधीच्या नऊ पातळ्यांच्या बेरजेपेक्षाही जास्त वेळ घेते. दारूगोळ्याच्या ब्लूप्रिंटला ही शेवटची पातळी काही दिवसांत निघते. मोठ्या जहाजांच्या ब्लूप्रिंटला महिनोन्‌महिने. आणि ब्लूप्रिंट संशोधनाला लावलेलं असताना त्यावर ना माल बनतो ना प्रत निघते. ते अडकून पडतं.

नवीन लोक इथे विचारतात की शेवटच्या एका टक्क्यासाठी एवढं थांबायचं कशाला. हिशोब करून बघा. पातळी नऊवर शंभराचा माल ९१ ला पडतो, दहावर ९० ला. दिसायला एक इस्क. पण विक्रीची किंमत समजा ९६ आहे आणि कर, दलाली नि जॉबची फी जाऊन हातात सुमारे ९३ येतात. मग नऊवर नफा दोन, दहावर तीन. खर्चातला एक टक्का म्हणजे नफ्यातली दीडपट. जिथे मार्जिन पातळ असतं तिथे शेवटची पातळीच सगळा धंदा असते. उलट ज्या वस्तूवर तीस टक्के सुटतायत ती आठव्या पातळीवरच बनवायला घ्या, दहाची वाट बघत बसलात तर तोवर भाव पडलेला असेल. टीईचं गणित मी यापेक्षा सैल धरते. माझे जॉब रात्रभर आणि दिवसभर आपापले चालू असतात, मी लॉगिन असो वा नसो. रात्री अडीचला संपणारा जॉब दीडला संपला तर मला काय फायदा? मी तर सकाळीच बघणार.

आता माझा आवडता विषय : राउंडिंग. यावर मी कंटाळा येईपर्यंत बोलू शकते आणि भावाला तो येतोही.

खेळ कच्च्या मालाची बचत एकेका नगावर मोजत नाही, अख्ख्या जॉबवर मोजतो आणि अपूर्णांक आला की वर ढकलतो. एखाद्या वस्तूला चार नग सुटे भाग लागत असतील तर दहा टक्के बचतीनं ३.६ होतात, पण ३.६ नग देता येत नाहीत, म्हणून चारच कापले जातात. बचत शून्य. तेच दहा रनचा एक जॉब लावला तर ४० चे ३६. म्हणजे एकेक नगाचे दहा जॉब लावणारा आणि दहा नगांचा एक जॉब लावणारा, दोघांकडे तेच संशोधित ब्लूप्रिंट असूनही एकाला ती पातळी लागूच होत नाही. ट्रायटेनियमसारखं हजारोंनी लागणारं खनिज असेल तर हा फरक जाणवत नाही. महागाचे, थोड्या संख्येनं लागणारे भाग असतील तर चांगलाच जाणवतो.

आणि याला एक तळ आहे. प्रत्येक रनला जी वस्तू एकच लागते, ती कधीच कमी होत नाही. शंभर रनला शंभर. टेक-टू, म्हणजे वरच्या दर्जाचं, जहाज बनवायला त्याचं टेक-वन जहाज पोटात घालावं लागतं, ते एकच असतं, तिथे कुठलंही संशोधन चालत नाही. त्यामुळे टेक-टू वस्तूचं कॉस्टिंग करताना मी आधी या 'न हलणाऱ्या' ओळी वेगळ्या काढते. किती खर्च माझ्या हातात आहे, हे त्यातून कळतं.

मी खेळायला लागले ते जुन्या पद्धतीच्या अगदी शेवटच्या दिवसांत. तेव्हा संशोधनाला स्लॉट असायचे, सार्वजनिक स्टेशनांवर त्यांच्या लांबच लांब रांगा लागायच्या आणि एमईला वरची मर्यादा नव्हती, फक्त प्रत्येक पातळीचा फायदा आधीपेक्षा कमी होत जायचा. जुलै २०१४ मध्ये क्रियस नावाचं अपडेट आलं आणि ते सगळं गेलं. स्लॉट गेले, दहाची मर्यादा आली आणि जॉबच्या फीची नवी पद्धत आली. त्या काळाची आठवण काढून उसासे टाकणारे लोक अजून भेटतात. मला त्यात काही गोड वाटत नाही. रांग ती रांग.

नव्या पद्धतीत प्रत्येक सिस्टिमचा एक कॉस्ट इंडेक्स असतो. तिथे जितकं जास्त काम चालतं तितकी फी चढते. जिता ही सगळ्यात मोठी बाजारपेठ, तिच्या शेजारच्या पेरिमीटरमध्ये माल बनवणं सोयीचं, म्हणून तिथे गर्दी आणि गर्दी म्हणून फी. चार-सहा जंप (एका सिस्टिममधून दुसऱ्यात मारायच्या उड्या) लांब गेलं की ती उतरते. शिवाय २०१६ मध्ये आलेली रायतारू, अझबेल, सोतियो ही खेळाडूंनी उभारायची कारखान्याची केंद्रं आहेत. तिथे मालात आणखी एक टक्का सुटतो, वेळ वाचतो तो वेगळाच. स्वतःचं केंद्र असायची गरज नाही, बरेच मालक ठराविक कर घेऊन ते सगळ्यांना खुलं ठेवतात.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हे सगळं जमवलं की पैसा. नाही. मी जे केलं ते इतर प्रत्येकानं केलेलं असतं. जितामध्ये रिफ्टरसारखं साधं जहाज विकायला बसलेल्या माणसाचं ब्लूप्रिंट दहावर असणार हे गृहीतच धरा. बाजारभाव त्या दहावरच ठरलेला असतो. त्याच्या जोडीला एक आणखी अवघड जमात आहे : 'खनिज मी स्वतः खणलंय, म्हणजे ते मला फुकट पडलं' असं मानणारी. ही माणसं खनिजाच्या भावापेक्षा स्वस्त जहाज विकतात आणि खूश असतात. तेच खनिज तसंच विकलं असतं तर जास्त मिळाले असते, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. मी सांगतही नाही. कधीकधी त्यांची जहाजं घाऊक विकत घेते आणि लांब नेऊन विकते. स्वतः बनवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

मग सुटतं कुठे? माझा इतक्या वर्षांचा अंदाज असा आहे की या खेळातला नफा संशोधनाचा नसून दुसऱ्यांच्या कंटाळ्याचा असतो. ज्या कामाला माणसं कंटाळतात, ते तुम्ही केलंत की ती हसत पैसे देतात.

भावाचंच उदाहरण घेते. त्याच्या कॉर्पोरेशनचं, म्हणजे खेळाडूंच्या गटाचं, एक ठरलेलं थ्रॅशर हे लढाऊ जहाज आहे, कुठल्या तोफा, किती जायरोस्टॅबिलायझर, कुठला स्क्रॅम्बलर, सगळं ठरलेलं. लढाईत ते फुटतं. त्याला लगेच दुसरं हवं असतं. बाजारात जहाज आहे, तोफा शेजारच्या स्टेशनवर आहेत, एक मॉड्यूल, म्हणजे जहाजावर चढवायचं उपकरण, तीन जंप लांब आहे आणि दारूगोळा संपलाय. प्रत्येक वस्तूचा भाव बघत, गोळा करत हिंडला तर तोवर लढाई संपते. मी तेच थ्रॅशर सगळं जोडून, गोळ्यांसकट, त्यांच्या तळावरच कॉन्ट्रॅक्टला लावून ठेवते. सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा चांगली पंधरा टक्के जास्त किंमत. तो बोंबलतो, "ताई, लुटतेस." मी म्हणते, "जा मग, जितातून घेऊन ये." घेऊन येत नाही. त्याचे मित्रही येत नाहीत.

या तळावर माल पोचवण्यातसुद्धा एक बारकावा आहे. पॅक केलेलं फ्रिगेट, म्हणजे छोटं लढाऊ जहाज, २,५०० घनमीटर जागा खातं. त्याच फ्रिगेटला लागणारी खनिजं चारशे घनमीटरच्या आतबाहेर मावतात. मग तयार जहाजं कशाला वाहायची? खनिजं आणि ब्लूप्रिंटच्या प्रती घेऊन जायच्या आणि लढाईच्या शेजारी बसून तिथेच बनवायची. प्रतीच न्यायच्या, मूळ नाही. वाटेत कुणी मालवाहू जहाज फोडलं (उएदामासारख्या सिस्टिममध्ये हा काही लोकांचा पूर्णवेळ उद्योग आहे), तर लुटारूच्या हाती थोड्या रनच्या प्रती लागतात. महिनाभर संशोधन केलेलं मूळ ब्लूप्रिंट आपलं शांत स्टेशनात असतं. कॉर्पोरेशनच्या मालकीची ब्लूप्रिंट मतदान घेऊन कुलूपबंद करायची सोय खेळात दिलेली आहे. ती उगाच दिलेली नाही. तिजोरीची किल्ली असलेला माणूस एका रात्रीत सगळं घेऊन निघून गेल्याच्या कथा इथे पुष्कळ.

कंटाळ्याचा सगळ्यात घट्ट थर मात्र टेक-टूमध्ये आहे. टेक-टू वस्तूंची मूळ ब्लूप्रिंट आता कुणाला नव्यानं मिळतच नाहीत. एके काळी ती लॉटरीनं मिळायची : संशोधन एजंटांकडे गुण साठवायचे आणि नशिबाची वाट बघायची. ज्याला लागलं त्याच्या हाती मक्तेदारी. २००६ च्या अखेरीस इन्व्हेन्शन आलं आणि लॉटरी मागे पडली. २००७ मध्ये उघड झालं की कंपनीतल्याच एका डेव्हलपरनं अशी काही ब्लूप्रिंट स्वतःच्या खेळातल्या गोटाला मिळवून दिली होती. मोठा गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीनं अंतर्गत चौकशीसाठी वेगळा विभाग नेमला आणि खेळाडूंनी निवडून दिलेलं प्रतिनिधी मंडळ उभं राहिलं, त्याच्या निवडणुका अजून होतात. एका खेळातल्या काल्पनिक ब्लूप्रिंटवरून खरी निवडणूक! मला हा इतिहास फार आवडतो. लोकांना स्फोटांपेक्षा जास्त राग ब्लूप्रिंटच्या वाटपाचा आला, यात मला आपल्या जमातीचा विजय दिसतो.

इन्व्हेन्शन चालतं असं. टेक-वन ब्लूप्रिंटची प्रत घ्यायची, दोन प्रकारचे डेटाकोअर (या कामात खर्ची पडणाऱ्या वस्तू) घालायचे आणि जॉब लावायचा. जमलं तर टेक-टूची प्रत मिळते. नाही जमलं तर डेटाकोअर गेले आणि प्रतीवरचा रनही गेला. मॉड्यूल आणि दारूगोळ्यासाठी मूळ शक्यता ३४ टक्के, फ्रिगेटसाठी ३०. लागणारी तिन्ही कौशल्यं चौथ्या पातळीवर नेली की ३४ चे साधारण साडेसेहेचाळीस होतात. पाचवीवर नेली तरी पन्नासच्या जरा खालीच. म्हणजे कितीही शिका, नाणेफेकीपेक्षा थोडं वाईटच. डिक्रिप्टर नावाची जास्तीची वस्तू घालून यात फेरफार करता येतो, पण ते स्वस्त नसतात.

इथे बहुतेक लोक वैतागून सोडून देतात. एका बैठकीत पाच जॉब फसले की 'सिस्टिम बिघडलीय' म्हणून चॅटमध्ये आरडाओरडा होतो. त्यांना मी एवढंच सांगते की एका जॉबचा खर्च बघू नका, एका यशाचा खर्च बघा. एक प्रयत्न दहा लाख इस्कचा असेल आणि शक्यता ४६.५ टक्के असेल, तर यशस्वी प्रत सरासरी साडेएकवीस लाखांना पडली. मॉड्यूलच्या प्रतीवर दहा रन असतात, म्हणजे प्रत्येक नगावर दोन लाख पंधरा हजारांचा बोजा. तो कॉस्टिंगमध्ये एक ओळ म्हणून टाका आणि पुढे चला. फसलेला जॉब हा अपघात नाही, तो ठरलेला खर्च आहे. आणि हो, इन्व्हेन्शनमधून निघालेली प्रत एमई दोनवरच असते, दहावर नाही. टेक-वनचं मूळ ब्लूप्रिंट तुम्ही कितीही घासून लखलखीत केलंत तरी ते तेज इथे उतरत नाही. प्रती काढायच्या कामाला संशोधन न केलेलं मूळसुद्धा चालतं, हे कळायला काही लोकांना वर्षं लागतात.

या कामात कुठलाही थरार नाही. एका कॅरेक्टरला सगळी कौशल्यं शिकून एका वेळी अकरा संशोधनाचे आणि अकरा उत्पादनाचे जॉब लावता येतात. अकरा जॉब उचलायचे, अकरा नवे लावायचे, कुठे डेटाकोअर कमी पडले ते बघायचं, ऑर्डर टाकायच्या. रोज. मला ते बसल्या जागी माळ ओढल्यासारखं वाटतं. भावाला पाच मिनिटांत जांभया येतात, आणि म्हणूनच टेक-टूवर मार्जिन टिकून आहे.

विक्रीचं बोलायचं तर मला जितातली किमतींची कुस्ती आवडत नाही. पूर्वी लोक पॉइंट शून्य एक इस्कनं भाव पाडत बसायचे, दिवसभर. २०२० मध्ये किंमत पहिल्या चार अंकांपुरतीच बदलता येईल असा नियम आला, ऑर्डर सारखी बदलायची फीही वाढली, तेव्हा ते थंडावलं. आता भाव पाडायचा तर खरंच पाडावा लागतो. तरी मी जितात फक्त खरेदी करते. विकते लांब, जिथे जहाजाला ऊर्जा पुरवणाऱ्या चार प्रकारच्या कॅप बूस्टरपैकी तीन संपलेले असतात आणि चौथ्याला कुणी वाली नसतो. खेळाला गमतीनं 'अंतराळातली स्प्रेडशीट' म्हणतात. कंपनीनं २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टबरोबर एक्सेल जोडायची घोषणा केली, तेव्हा अर्ध्या लोकांना तो विनोद वाटला. मी फाइल उघडूनच बसले होते.

सध्या भाऊ मागे लागलाय की आता कॅपिटल, म्हणजे अवाढव्य, जहाजं बनव. ड्रेडनॉट हवंय त्याला. एप्रिल २०२१ च्या बदलांनंतर कॅपिटलचं उत्पादन म्हणजे वेगळंच प्रकरण झालंय. आधी खनिजांतून सुटे भाग आणि भागांतून जहाज एवढाच जिना होता. आता त्यात रिअॅक्शनमधून, म्हणजे कच्च्या मालावरच्या प्रक्रियेतून, निघणारे मधले माल आले, त्यांच्यासाठी वायू आले, ग्रहांवरचा माल आला आणि प्रत्येक पायरीवर वेगळं ब्लूप्रिंट. बॅटलशिपलासुद्धा यातले काही भाग लागतात. प्रत्येक पायरीवर वर ढकललेले अपूर्णांक, प्रत्येक पायरीवर पडून राहणारा साठा.

मी त्याला म्हटलं, जहाज नाही बनवणार. पण ते मधले भाग जे कुणालाच बनवायचे नसतात, त्यांची दोन ब्लूप्रिंट घेतलीयत. पहिलं आठव्या पातळीवर आहे. त्यानं विचारलं, "मग मला काय मिळणार?" म्हटलं, जो ड्रेडनॉट बनवेल त्याला मी भाग विकेन, तू त्याच्याकडून जहाज घे.